शोरूममधली सोयरीक

सगळी मानवजात हे एकच कुटुंब आहे, हे सत्य उमगायला ऋषिमुनींना अरण्यात जावं लागलं. आमच्या सुपडूआबांना त्यासाठी समोरच्याच्या मामाचं गाव पुरतं. फरक एवढाच, की कुटुंब सापडल्यावर ऋषिमुनी शांत झाले. आबा मात्र समोरचा माणूस त्या कुटुंबात आपला नेमका कोण लागतो हे ठरेपर्यंत चहाला हात लावत नाहीत.

जळगावात मेहरूणला माझ्या शेजारच्या घरात आबा राहतात. धरणगावच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. पण ती पोटासाठी. त्यांचा खरा धंदा लग्नं जमवण्याचा, आणि तोही फुकट. वय पासष्टच्या पुढे, पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि सदऱ्याच्या खिशात कायम चार-पाच सुपाऱ्या. बैठक कुठे बसेल आणि सुपारी कधी फोडावी लागेल याचा नेम नसतो, असं ते सांगतात. धरणगाव-एरंडोल पट्ट्यात त्यांनी जमवलेल्या जोडप्यांची नातवंडं आता शाळेत जातात. त्यातल्या एखाद्या जोडप्याचं भांडण झालं, तर ते आधी आबांना शिव्या देतं, मग एकमेकांना.

ओळख काढायची त्यांची पद्धत ठरलेली. "गाव कोनतं? कोनाचे? मामा कोठला? लेक कोठे दियेल शे?" सहसा तिसऱ्या प्रश्नापर्यंत नातं निघतं. मग आबा मांडीवर थाप मारून म्हणतात, "बठ्ठा आपलाच शेतस, भो!" सगळे आपलेच आहेत, यात त्यांना नवल वाटत नाही; फक्त दर वेळी नव्याने आनंद होतो.

एकदा पंखा दुरुस्त करायला माणूस आला. शिडीवर चढायच्या आत तो आबांच्या मावसबहिणीच्या दिराचा भाचा निघाला. त्याने पैसे घेतले नाहीत. चार दिवसांनी पंखा पुन्हा बंद पडला, आणि आता त्याला बोलावणार कोण? नात्यातल्या माणसाला, पंखा का बंद पडला, असं तोंडावर विचारता येत नाही. आबांच्या घरात अशा बऱ्याच वस्तू केवळ सोयरिकीमुळे बंद आहेत.

क्रेडिट कार्ड विकणाऱ्या एका मुलीचा फोन आला होता तेव्हा मी तिथेच बसलो होतो. ती हिंदीत बोलत होती. आबांनी तिला विचारलं, "बेटी, गाव कौनसा?" ती म्हणाली, बुऱ्हाणपूर. बुऱ्हाणपूरहून गाडी रावेरला आली, रावेरहून बोदवडला. अर्ध्या तासाने ती मुलगी स्वतःच्या भावासाठी स्थळ विचारत होती आणि आबा तिला मुलाची उंची विचारत होते. कार्डाचा विषय दोघांनीही काढला नाही.

मी पेशाने इतिहासाचा मास्तर. मामाचं गाव विचारणं हा आपल्याकडे जात विचारण्याचा सभ्य मार्ग आहे, हे मी त्यांना एकदा तलावावर फिरताना सुनावलं. आबांना राग आला नाही. "जात कळस, खरं शे," ते म्हणाले. "पन मी तेवढ्यावर थांबतो का, सर?" हेही खरं होतं. कापडबाजारातले मारवाडी शेठ त्यांच्या हिशेबात मामा लागतात, कारण आबांच्या आईच्या लग्नाचा बस्ता त्यांच्या आजोबांच्या दुकानात बांधला होता. माझी तर कोणतीच शाखा त्यांच्या झाडाला जुळेना. तेव्हा मी ज्या कॉलेजात शिकवतो तिथे त्यांच्या एका भाच्याने नापास होऊन तीन वर्षं काढली, एवढ्या धाग्यावर त्यांनी मला घरातला करून टाकलं.

असा हा माणूस गेल्या वर्षी गाडी घ्यायला निघाला.

गाडी चालवता येत नाही, मूळव्याध असल्यामुळे फार वेळ बसवत नाही, जायचं म्हणजे भाजीबाजारापर्यंत. मी विचारलं, "आबा, गाडी कशाला?"

"आखाजीला लागेल," ते म्हणाले.

खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. अक्षय्य तृतीया, आमची आखाजी, ही इकडे दिवाळीपेक्षा मोठी. सासरी गेलेल्या लेकी चार दिवस माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात. लेकीला आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुराळी म्हणतात. आबांची एकुलती एक लेक रत्ना धुळ्याच्या अलीकडे फागण्याला दिलेली. अक्का, म्हणजे आबांची बायको, होती तोवर तीच जाऊन रत्नाला घेऊन यायची. अक्का गेली आणि मुराळीपण आबांकडे आलं. तेव्हापासून ते दर आखाजीला फागण्याला जातात आणि एकटे परत येतात. एका वर्षी व्याह्यांचा कांदा निघायचा होता. दुसऱ्या वर्षी भाऊबंदांत लग्न होतं. त्यानंतर तर कारणही मिळालं नाही. ओसरीवर चहा मिळाला आणि "पुढच्या साली पाहू" मिळालं.

"स्वतःच्या गाडीनं आलेल्या मुराळ्याला कोणी रिकामं धाडत नाही," आबा म्हणाले. हा नियम त्यांनी कुठे वाचला होता देव जाणे. पण तो सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

हायवेवरच्या एका शोरूममध्ये आम्ही गेलो. विकणारा पोरगा बोदवडचा निघाला, आणि दुसऱ्याच प्रश्नाला भाचा झाला. आबांनी सांगितलं, निवृत्तीचे पैसे आहेत, अर्ध्याहून जास्त रोख देतो, उरलेले सहा महिन्यांनी ठेव मोडली की देतो. भाचा म्हणाला, "मामा, राहिलेल्याचं फायनान्स घ्या ना. माझं टार्गेट पूर्ण होतं." भाच्याचं टार्गेट अपूर्ण ठेवून मामा कुठे जाणार? वय पाहून फायनान्स कंपनीने जामीनदार मागितला. मी सही केली. नंतर भाच्याने फोन करून ओटीपी मागितला, आबांनी दिला. पुन्हा मागितला, पुन्हा दिला. घरच्या पोराने पाणी मागितलं तर आपण काय विचारतो, तांब्या कशाला हवा?

आखाजीला आठवडा उरला असताना निरोप आला की गाडी आली आहे.

आम्ही गेलो तेव्हा भाचा नोकरी सोडून नाशिकला गेला होता. त्याच्या जागी फायनान्स मॅनेजर बसले होते. नाव पंकज, गळ्यात टाय, टेबलावर दोन मोबाईल आणि एक छोटा काचेचा गणपती. त्यांनी हप्त्याचा आकडा सांगितला. तो ठरला होता त्यापेक्षा चांगलाच मोठा होता.

"हे जास्तीचं कशाचं?" मी विचारलं.

"पॅकेज आहे, सर. वाढीव वॉरंटी, कर्जाचा विमा, सीट कव्हर, सुगंधाची बाटली. सगळं लोनमध्येच बसवलंय."

"आम्ही मागितलं नव्हतं."

"संमती आहे ना, सर. ओटीपी आलाय."

मी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "भाच्यानं मागितला, दिला. भाच्याला नाही म्हनू?"

"मग आता काढा ते पॅकेज."

"काढता येतं," पंकज फार समजुतीने म्हणाले. "पण मग फाईल नव्याने होईल. आत्ताचा व्याजदर पॅकेजसोबतच आहे, तो जाईल. गाडी तोवर यार्डात. दोन-तीन आठवडे धरा."

"आखाजी तर पुढच्या आठवड्यात आहे."

"कळतंय मला, सर. पण सिस्टीममध्ये लॉक झालंय."

सिस्टीम या शब्दाबद्दल मला आदर आहे. पूर्वी लोक अशा वेळी देवाची इच्छा म्हणत. देवाला निदान नवस तरी बोलता यायचा.

बाहेर काचेपलीकडे आमची पांढरी गाडी दिसत होती. तिच्यावर लाल सॅटिनचं कापड टाकलेलं होतं, पुढे रिबन, बाजूला पितळी घंटा आणि माणसाएवढी पुठ्ठ्याची किल्ली. एवढा थाट आमच्या कॉलेजच्या पदवीदान समारंभालाही नसतो. गाडी सजून उभी होती आणि कन्यादान पॅकेजवर अडलं होतं.

मी म्हणालो, रीतसर तक्रार करू. जामीनदार म्हणून मला अधिकार आहे. आबांनी मान हलवली. "तक्रार परक्यावर करतात, सर. बैठक बसवू."

दुसऱ्या दिवशी ते गल्लीतले तीन म्हातारे घेऊन आले. तिघेही टोपीवाले. एकाची पिठाची गिरणी होती, बाकी दोघांचा वेळ रिकामा होता. शोरूमच्या सोफ्यांवर आबांनी आधी बसण्याची व्यवस्था बदलली. पाच जागा या अंगाला, दोन त्या अंगाला, मध्ये काचेचं टीपॉय. टीपॉयवर सुपारी ठेवली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "गाडी त्यांची. म्हणजे ते मुलीकडचे. आपन न्यायला आलो, आपन वरपक्ष. मागायचं आपन, द्यायचं त्यांनी." आणि टोपी सारखी करत पुढे म्हणाले, "एकच लेक झाली मला. कधी वरपक्ष व्हायला मिळालं नव्हतं."

पंकजही आले. तरुण होते, पण एवढ्या टोप्या समोर पाहून त्यांनी टायची गाठ जरा सैल केली. मॅनेजरच्या तोंडचं मराठी थोडं मऊ झालं.

"बोला आबा."

"कामाचं मग. आधी ओळख होऊ द्या. गाव कोनतं तुमचं?"

"धुळे."

"धुळे राहायचं. गाव कोनतं?"

"फागणे."

आबांच्या हातातली दुसरी सुपारी जागच्या जागी थांबली. फागणे मोठं गाव आहे, तिथे शेकडो घरं आहेत. शहाणा माणूस इथेच थांबला असता. मी त्यांचा सदरा ओढला. पण दारुड्याला पहिल्या घोटावर थांबवता येत नाही, आणि आबांना पहिल्या प्रश्नावर.

"फागण्यात कोनाचे?"

"आम्ही लहानपणीच धुळ्याला आलो. गावची शेती माझे चुलतकाका बघतात. दौलतकाका."

"दौलत... मळ्यावाले?"

"हो! ओळखता तुम्ही काकांना?"

दौलतभाऊ हे आबांचे व्याही, त्यांच्या बोलीत याही. रत्नाचे सासरे.

आबा उठले. सोफ्यावरून उठून त्यांनी हात जोडले, आणि शेजारी एक प्लॅस्टिकचं स्टूल होतं, त्यावर जाऊन बसले. स्टूल सोफ्यापेक्षा वीतभर खाली होतं. तिघा म्हाताऱ्यांना काय झालं ते सांगावं लागलं नाही. तिघांनी मांडीवरचे हात काढून गुडघ्यावर ठेवले. क्षणभरापूर्वीचा वरपक्ष सगळा उतरला होता.

"म्हणजे तुम्ही रत्नावहिनींचे वडील?" पंकजचा चेहरा लाल झाला. "मी लग्नात लहान होतो, आबा. वहिनी मला फार... दर वेळी गावाला गेलो की पुरणाचे मांडे करतात."

"करील," आबा म्हणाले. "तिच्या आईच्या हाताची शिकलेली."

"आबा, माझ्या हातात असतं ना, तर..." पंकज टेबलाकडे पाहू लागले. "पण लॉक आहे हो ते."

"असू द्या. भरतो मी. जेवढं असेल तेवढं."

मी मध्ये पडलो. मी म्हणालो, नातं आहे म्हणून चुकीचं बरोबर होत नाही. उलट नात्यातल्या माणसाने आधी ऐकायला हवं. गिरणीवाले माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहत राहिले. "सर, लेक दियेल शे त्या घरात," ते म्हणाले. "आवाज चढवायचा नसतो."

बाहेर रसवंतीच्या सावलीत आम्ही थांबलो. म्हातारे रिक्षाने पुढे गेले. मी रागावलो होतो, आणि आबांनी उसाचा रस मागवून तो तसाच हातात धरून ठेवला होता.

"तुम्हाला माहीत नाही, सर," ते म्हणाले. "रत्नाच्या बैठकीत दौलतभाऊनं जावयासाठी मोटरसायकल मागितली. साधी गोष्ट होती. त्या काळात मागायचे. दुसऱ्याची बैठक असती तर मी दोन्हीकडून मधलं काढलं असतं. पन स्वतःची लेक. मी म्हणालो, भाऊ, पोराला चालता येत नसेल तर तसं सांगा, पाळणा देतो. अख्खी बैठक हसली. याही एकटाच हसला नाही. मोटरसायकल न देता लगीन झालं. सगळीकडे माझं नाव झालं, की आबानं कसं गप्प केलं." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "बाकीच्यांच्या लेकी सुखानं नांदाव्या म्हनून मी वाकायला शिकवलं लोकांना. स्वतःच्या वेळी विनोद सुचला."

तरीही मी तक्रार लिहिली. आबांनी हात जोडून सांगितलं की याहीच्या पुतण्याविरुद्ध अर्ज गेला तर रत्नाला गावात तोंड दाखवता येणार नाही. हप्ता वाढला तर दूध अर्धा लीटर कमी करू, तसंही एकट्याला किती लागतं. मी हो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार घेऊन एकटाच शोरूमला गेलो. जामीनदार मी होतो, सोयरा नव्हतो.

पंकजच्या समोर कागद ठेवला. त्यांनी तो अर्धा वाचला असेल, तेवढ्यात त्यांच्या एका मोबाईलवर फोन आला. नाव बघून ते उभे राहिले. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की मला कान टवकारावे लागले नाहीत.

"पंक्या! आमना घरनी सून शे ती. तिना बापकडथून पैसा लेस तू?"

"काका, तसं नाही काका, ते पॅकेज..."

"आम्ही लगनमा काही लिधं नही. बैठकमा लोक हसनात तरी लिधं नही. आनि तू आते दुकानमा बसीसन लेस? गावमा काय सांगू मी?" लग्नात काही न घेतलेल्या माणसाचा तो आवाज होता.

"काका, माझ्या हातात नाहीये, सिस्टीम..."

"सिस्टीम कोन शे? तेले दे फोन!"

पंकजने सिस्टीमला फोन दिला नाही. पण फोन ठेवल्यावर ते आतल्या काचेच्या खोलीत गेले. मधून मधून कोणाकोणाशी बोलताना दिसत होते. मी भिंतीवरचं, ग्राहक हाच आमचा देव, हे वाक्य वाचत बसलो. चहा आला, थंड झाला. मग ते बाहेर आले आणि म्हणाले की पॅकेज निघालं आहे, व्याजदर तोच राहील, सुधारलेला हप्ता संध्याकाळपर्यंत मोबाईलवर येईल. कालपर्यंत जे लॉक होतं त्याची किल्ली फागण्याच्या ओसरीवर होती, हे त्यांनाही बहुधा आजच कळलं होतं.

"सर, काकांना कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मला नंतर कळलं. गिरणीवाल्याने पारोळ्याच्या मेव्हण्याला सांगितलं, मेव्हण्याने फागण्यात कोणाला तरी. मी माझा तक्रारीचा कागद घडी करून खिशात घातला. इतका मुद्देसूद मजकूर मी पुष्कळ दिवसांत लिहिला नव्हता.

मला वाटलं, आबा खूश होतील. आबा खचले. "उपकार झाला याहीचा," ते म्हणाले. "पैसे गेले असते तर बरं होतं. आता तर ताठ मानेनं मागताही येत नाही, लेकीला धाडा म्हनून."

पण आखाजी थांबणार नव्हती. आदल्या दिवशी गाडी मिळाली. सॅटिनचं कापड ओढलं गेलं, आबांनी घंटा वाजवली, पुठ्ठ्याच्या किल्लीसोबत फोटो निघाला. वर कुठून तरी चमचमते कागद उडाले, ते आबांच्या टोपीवर अडकले आणि ते त्यांनी रस्ताभर काढले नाहीत. पंकजने स्वतः नारळ फोडला आणि वाकून नमस्कार केला. आबांनी आशीर्वाद दिला, पण तो देताना त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. वरपक्षाकडच्या माणसाला आशीर्वाद द्यावा की नाही, याबद्दल त्यांच्या मनात शंका असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. गाडी मी चालवत होतो. पारोळ्याला त्यांनी मला गाडी थांबवायला सांगितली, बाहेर उतरून काच पुसली, पुन्हा बसले. मग व्याह्यांसमोर काय बोलायचं, त्याची वाक्यं जुळवू लागले. बोलायचे, खोडायचे. शेकडो बैठका बोललेला माणूस दहावीच्या तोंडी परीक्षेसारखा पुटपुटत होता.

फागण्याला दौलतभाऊ ओसरीवर उभेच होते. उंच, कोरडा माणूस. खाली उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला पायाने हलकेच ठोकलं.

"रामराम, याही," आबा म्हणाले, आणि जुळवलेलं सगळं विसरले.

"पंक्यानं नीट करं ना काम?"

"केलं. तुमचे उपकार..."

"उपकार नका म्हनू," दौलतभाऊ म्हणाले. त्यांनी बॉनेटवर हात फिरवला. मग ते म्हणाले, "चहा घ्या. आनि सूनले माहेरी लई जा. चार दिवस."

एवढंच. मला वाटलं, आता काहीतरी मोठं घडेल, मिठी वगैरे. दोन म्हातारे चहा प्यायले आणि कांद्याच्या भावाबद्दल बोलले.

रत्ना पिशवी घेऊन बाहेर आली. चाळिशीकडे झुकलेली, कपाळावर घाम, पदर खोचलेला. तिने गाडी पाहिली आणि उंबऱ्यातच थांबली.

"हाई कोनी लिधी?"

"आपली शे, बेटा," आबा म्हणाले. "तुझ्यासाठीच घेतली. एसी आहे."

तिने काचा चढवलेल्या त्या पांढऱ्या गाडीकडे, मग बापाकडे पाहिलं. "आबा, मले गाडी लागस."

"म्हणजे?"

"बंद गाडीत ओकते मी. लगनच्या दिवशी धरणगावहून निघालो, तर एरंडोलला एकदा आणि पारोळ्याला एकदा. मायले माहीत व्हतं. ती म्हनायची, कोनाले सांगू नको, सासरचे नावं ठेवतील. म्हनून तर ती मला बसनं न्यायची, खिडकीपाशी बसवून."

अख्ख्या तालुक्यातल्या मुलींचे रंग, उंच्या आणि आजार तोंडपाठ असणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलीची ही गोष्ट माहीत नव्हती.

"दर साली येतो मी," ते म्हणाले. "याही नाही म्हनायचे. मला वाटलं, गाडी..."

"तुम्ही मामंजींशी बोलायचे नि निघून जायचे," रत्ना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. कढई उतरवताना बोलावं तसं ती बोलली. "मी आत चुलीपाशी असायची. मले इचारं का कोनी, येतीस का म्हनून? फोन शे ना मनाकडे. माय रोज करायची."

आबांनी टोपी काढली. टोपीवरचा एक चमचमता कागद ओसरीवर पडला. ते टोपी हातात फिरवू लागले. गाव, कोनाचे, मामा कोठला, लेक कोठे दियेल शे. त्यांच्या चार प्रश्नांत लेकीला विचारायचा प्रश्न नव्हता.

"येतीस का?" त्यांनी विचारलं.

"चला ना," रत्ना म्हणाली. "मी तर सकाळपासून पिशवी भरून बसलेय."

ते दोघे फाट्यापर्यंत चालत गेले, मी गाडी घेऊन मागून. जळगावची बस आली, रत्ना खिडकीपाशी बसली, शेजारी आबा. तिने पदराच्या टोकाला बांधलेली लिंबाची फोड काढून नाकाशी धरली. बस हलली तेव्हा आबा तिला काहीतरी विचारत होते आणि ती हसत होती. नातं काढत असावेत, किंवा नसतीलही.

रत्नाला महिलांचं अर्धं तिकीट लागलं आणि आबांना ज्येष्ठ नागरिकांचं अर्धं. दोघांत मिळून एका माणसाचं भाडं झालं. मी गाडी रिकामी परत आणली. टोल पूर्ण घेतला.